गेटबाहेरचे पाहुणे

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ऑकलंडमधील एका सरकारी माध्यमिक शाळेच्या गेटबाहेर सुमारे अर्धा तास उन्हात उभे होतो. गेट उघडेच होते, आत मुले-शिक्षक दिसत होते, तरी कोणी आत जात नव्हते. कारण आतून हाक आल्याशिवाय पाहुण्याने पाऊल टाकायचे नसते. न्यूझीलंडमध्ये माध्यमिक शाळा नववी ते तेरावी अशी असते आणि नववीत येणाऱ्या मुलांचे स्वागत अनेक शाळांत येथील मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरी पद्धतीने होते; त्या स्वागतविधीला पोफिरी म्हणतात. त्या दिवशी मुलांसोबत त्यांचे पालकही पाहुणे असतात, हे आम्हाला शाळेच्या ईमेलमधून कळले होते. मात्र त्याच ईमेलसोबत आलेल्या चार ओळींच्या गाण्याकडे मी दुर्लक्ष केले होते.

हाक आली ती एका बाईची, उंच आणि लांबवलेल्या स्वरातली. आमच्या बाजूच्या एका शिक्षिकेने तशाच स्वरात उत्तर दिले आणि आम्ही हळूहळू पुढे सरकलो. मध्येच सगळे थांबले. दोन्ही बाजूंच्या दिवंगतांचे स्मरण करण्यासाठी हे थांबणे असते, असे मागच्या बाईंनी कुजबुजून सांगितले. शाळेच्या पहिल्या दिवशी मेलेल्या माणसांची आठवण काढणे आपल्याकडे अपशकुनच मानतील. मला मात्र नुकत्याच गेलेल्या सासूबाई आठवल्या आणि त्या क्षणी ते थांबणे परके वाटले नाही.

पुढची भाषणे माओरीत झाली. ती करणारे आणि पहिल्या रांगेत बसणारे सगळे पुरुषच होते, हे मला खटकले. हा रिवाज बहुतेक ठिकाणी असाच आहे आणि त्यावर तिथेही चर्चा होते. पण बाईने हाक घातल्याशिवाय यातले काहीच सुरू होत नाही, हेही तितकेच खरे. प्रत्येक भाषणानंतर वक्त्याच्या बाजूच्या लोकांनी उभे राहून गाणे म्हणायचे असते, नाहीतर भाषण उघडे पडते. आमची पाळी आली तेव्हा आमच्यापैकी निम्मे पालक नुसते ओठ हलवत होते. माझ्या शेजारच्या सामोअन आजींनी मात्र दुसऱ्या सुरात गायला सुरुवात केली आणि आमची लाज राखली.

मग होंगी. दोघांनी नाक आणि कपाळ एकमेकांना टेकवायचे आणि एक श्वास वाटून घ्यायचा. मी सवयीने हात जोडले, समोरच्या शिक्षकांनी मान पुढे केली आणि माझा चष्मा त्यांच्या नाकावर आपटला. ते मोठ्याने हसले. सगळ्यात शेवटी चहा-बिस्किटे: पोफिरीने आलेले पावित्र्याचे बंधन अन्नाने उतरते आणि माणसे पुन्हा नेहमीच्या व्यवहाराला मोकळी होतात. दारात गूळपाणी देणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

एकदा असे आत घेतले की पाहुणेपण संपते, आणि ते खरोखरच संपते. १९८९च्या सुधारणांपासून येथील प्रत्येक सरकारी शाळेचा कारभार निवडून आलेले मंडळ पाहते. त्यात पालकांचे प्रतिनिधी बहुसंख्य असतात आणि माध्यमिक शाळेत विद्यार्थ्यांचाही एक प्रतिनिधी असतो. पहिल्याच सत्रात एका पालकाने मला विचारले, ‘‘तुम्ही शनिवारी सॉसेज भाजायला येणार का?’’ शाळेच्या सहलीसाठी निधी गोळा करायचा होता. मी शाकाहारी असल्याचे सांगितल्यावर माझ्याकडे कांदे परतण्याचे काम आले. दुपारपर्यंत मी जवळजवळ दहा किलो कांदा परतला होता.

मार्चमध्ये पॉलिफेस्ट असतो. १९७६मध्ये ऑकलंडच्या ओतारा भागातील हिलरी कॉलेजात सुरू झालेल्या या आंतरशालेय महोत्सवात माओरी, सामोअन, टोंगन, कुक बेटे आणि निउए यांचे वेगवेगळे मंच असतात, शिवाय इतर समाजांसाठी एक मंच असतो, ज्यावर भारतीय मुलेही नाचतात. माझ्या मुलीने तिथे न जाता कापा हाकाच्या, म्हणजे माओरी समूहगान-नृत्याच्या गटात नाव दिले. पुढचे कित्येक आठवडे आमच्या बैठकीच्या खोलीत तळव्यांनी मांड्यांवर ठोके पडत होते आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी दोनदा दार वाजवले.

हाका म्हणजे रग्बीच्या सामन्याआधीची गर्जना, एवढेच मला ठाऊक होते. वर्षाअखेरीस तेरावीच्या मुलांना निरोप देताना खालच्या वर्गांनी त्यांच्यासाठी हाका केला, तेव्हा समोर उभी असलेली धिप्पाड मुले रडत होती. आणि निरोप घेणाऱ्यांनी उत्तरादाखल हाका केला, तेव्हा शिक्षकही रडत होते.

या फेब्रुवारीत मी कामावरून अर्धी रजा घेऊन पुन्हा शाळेत गेले. या वेळी मी आतल्या बाजूला बसले होते आणि मुलगी गाणाऱ्यांच्या तिसऱ्या रांगेत उभी होती. गेटबाहेर नवे पालक घाम पुसत उभे होते. त्यातल्या एका आईच्या हातात छापलेला कागद होता आणि तिचे ओठ हलत होते. तिने ईमेल वाचलेला दिसत होता.