नळी चांगली आहे, तारीख संपली आहे

आमच्या मोटरहोमची, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीची, गॅस तपासणी होती. तपासनिसानं नळी वाकवूनसुद्धा बघितली नाही. टॉर्च मारला, नळीवर छापलेलं साल वाचलं आणि म्हणाला, ही बदलावी लागेल. मी त्याला नळी पिळून दाखवली. कुठे तडा नाही, रबर कडक झालेलं नाही, साबणाच्या पाण्यात एक बुडबुडा आला नव्हता. त्यानं स्वतः पाइपांत १५० मिलिबार दाबाची हवा भरून ठेवली होती आणि काटा जागचा हललेला नव्हता. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, अगदी सभ्यपणे, आणि तपासणीच्या पिवळ्या वहीत शिक्का न मारता वही परत दिली. दहा वर्षं झाली की नळी बदलायची, रेग्युलेटरही बदलायचा. मग तो चालू असो वा नसो.

जर्मनीत मोटरहोमची गॅस तपासणी नवीन नाही, दर दोन वर्षांनी लोक करून घेतच होते. पण १९ जून २०२५ पासून ती कायद्यानं वेगळी सक्तीची झाली, आणि नसेल तर ६० युरो दंड. आमची गाडी १९९१ ची. शेगडी, हीटर, फ्रिज, सगळं गॅसवर. त्यामुळे सुटका नव्हती.

घरी येऊन मी दाजींना फोन लावला. त्यांच्या दोन ट्रॅव्हलर आहेत, निगडीहून अष्टविनायक करतात. मी सांगितलं तसं ते म्हणाले, "अगं, नळी बोटानं कळते. तारखेनं काय कळतंय?" मला तेव्हा फार बरं वाटलं. मीही त्याच घरात वाढले. आमच्याकडे वस्तू हातानं तपासतात. भोसरीतला मिस्त्री इंजिन चालू करून बॉनेटवर हात ठेवतो आणि सांगतो, तिसऱ्या सिलिंडरचा नोझल बघा. आणि बहुतेक वेळा तोच निघतो.

आता तपासनिसाच्या बाजूनंही सांगते, कारण मी रागातच पण वाचून काढलं. प्रोपेन हवेपेक्षा जड. गळला तर वर निघून जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणून तर सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला उघडं भोक असतं आणि ते कधी बुजवायचं नसतं. रबर आतून सुकतं, ते बाहेरून दिसेलच असं नाही. आणि मोटरहोम म्हणजे झोपायची जागा, दारं-खिडक्या बंद करून. आपल्याकडेसुद्धा घरगुती सिलिंडरची सुरक्षा ट्यूब पाच वर्षांनी बदला म्हणून सांगतातच, आपण किती जण बदलतो ते सोडा. म्हणजे नळीचं मला पटलं. रेग्युलेटरचं अजूनही पूर्ण पटलेलं नाही. तो बदलणं म्हणजे दुकानात जाऊन समोर टांगलेला उचलणं नव्हे. आजच्या गाड्यांची उपकरणं ३० मिलिबार दाबावर चालतात, आमच्या गाडीतली ५० वर. दोन्ही जुळलं नाही तर ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइडची भीती. त्यामुळे ५० वाला मागवावा लागला, तो महाग, आणि काढलेला जुना अगदी ठणठणीत. तो कचऱ्यात टाकताना माझा जीव वर-खाली झाला.

या देशात तारखेला किती मान आहे याचं दुसरं उदाहरणही याच गाडीचं. पहिल्या नोंदणीला ३० वर्षं पूर्ण झाली आणि गाडी मूळ रूपात, चांगल्या अवस्थेत असली की परीक्षण करून नंबरप्लेटच्या शेवटी 'एच' हे अक्षर मिळतं, ऐतिहासिक वाहन म्हणून. कर मग वर्षाला सरसकट १९१ युरो ७३ सेंट, आधीपेक्षा बराच कमी. आणि श्टुटगार्टच्या ज्या पर्यावरण क्षेत्रात जुन्या डिझेल गाडीला येऊच देत नव्हते, तिथे ती बिनदिक्कत जाऊ शकते. इंजिन तेच, धूर तोच. आम्हाला याचा फायदाच झाला, तेव्हा मी तक्रार करणार नाही. पण दाजींना हे समजावून सांगताना माझी दमछाक झाली.

त्यांना या गाडीचं भारी कौतुक आहे, आणि त्याला कारण आहे. आमची गाडी मर्सिडीजच्या टी-वन व्हॅनवर बांधलेली. ही व्हॅन १९७७ मध्ये ब्रेमेनला बनायला लागली, १९९५ मध्ये स्प्रिंटर आली आणि जर्मनीत हिचा कारभार आटोपला. पण हीच व्हॅन घेऊन बजाज टेम्पोनं, म्हणजे १९५८ मध्ये एन. के. फिरोदियांनी सुरू केलेल्या आकुर्डीच्या कंपनीनं, जी आता फोर्स मोटर्स आहे, आपल्याकडे ट्रॅव्हलर काढली. इथे जी संग्रहात ठेवायची वस्तू झाली, तिचा वंश आपल्याकडे अजून ओझर ते लेण्याद्री माणसं वाहतोय. मी हे इथल्या कॅम्पिंगवर प्रत्येकाला सांगते.

आता खरं सांगायचं ते ओलीबद्दल. गॅसच्या नळीवर तारीख असते, टायरवर आठवडा आणि वर्षाचे चार आकडे असतात, दर दोन वर्षांनी होणाऱ्या टीयूव्हीच्या, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याच्या, परीक्षेत ब्रेक आणि चेसिसचा गंज बघतात. पण जुनं मोटरहोम ज्यानं मरतं, ती भिंतीतली ओल कोणी तपासत नाही. तिला तारीख नाही, शिक्का नाही, दंड नाही.

भिंत म्हणजे बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये थर्माकोल, आत तीन मिलिमीटरचं प्लायवूड, आणि कडांना लाकडी पट्ट्या. छत आणि भिंत जिथे भेटतात तिथली पट्टी, छताची खिडकी, मागचे दिवे, बाहेर ओढायच्या कापडी छताचे स्क्रू, इथल्या सीलची लवचीकता गेली की पाणी शिरतं. शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही. आतला वॉलपेपर छान दिसत राहतो आणि मागे लाकडाचा भुसा झालेला असतो. दोन सुयांचं ओल मोजायचं यंत्र मिळतं. लाकडात २० टक्क्यांच्या वर आकडा गेला की बुरशीला आमंत्रण. मी यंत्र वापरतेच. पण आधी भिंतीवर बोटाच्या पेरानं वाजवत जाते, आई कलिंगड घेताना वाजवते तसं. आवाज बद्द झाला की तिथे खूण करते. मग यंत्र लावते. यंत्रानं मला खोटं पाडलेलं नाही.

पलंगावरचा उजवा कोपरा आम्ही असाच उघडला. आतलं प्लायवूड हातानं सोलून आलं, पट्टीचा काळा चिखल झालेला. गॅरेजमध्ये विचारलं तर मजुरीच तासाला शंभर युरोंच्या वर, आणि किती तास लागतील ते भिंत उघडल्याशिवाय सांगता येणार नाही म्हणाले, जे खरंच आहे. म्हणून नवऱ्यानं आणि मी केलं. कुजलेलं सगळं काढलं, पंखा आणि हीटर लावून आठवडेच्या आठवडे सुकवलं. ही पायरी लोक उरकतात, आणि ओल आत बंद होते. मग नवी पट्टी चिकटवली, फोम, प्लायवूड, आणि बाहेरची ॲल्युमिनियमची पट्टी सोडवून तिच्याखाली ब्यूटाइलची, म्हणजे मऊ चिकट रबराची, फीत. ब्यूटाइल कधी पूर्ण सुकत नाही, गाडी हलते तसं तेही हलतं. सिलिकॉन मात्र लावू नका. पुढे ते निघालं तरी त्या जागेवर दुसरं काही धरत नाही. आमच्या गाडीत आधीच्या कुणीतरी ते फासलेलं होतं, ते खरवडण्यातच बोटं सोलली. बाहेरचं रूप जसंच्या तसं ठेवलं, कारण 'एच' टिकायला हवा.

गाडीखालच्या कामासाठी इथे एक सोय आहे, तिचं मी मनापासून कौतुक करते. लिफ्ट आणि हत्यारं तासावर भाड्यानं देणारी वर्कशॉप. आपण आपलं काम करायचं, अडलं तर मालक येऊन दाखवतो. ऑइल, ब्रेक पॅड, सायलेन्सर आम्ही तिथेच केलं. शेजारच्या लिफ्टखाली एक आजोबा होते, त्यांनी माझ्या हातातला चुकीच्या मापाचा पाना काढून घेतला, स्वतःचा दिला आणि पुन्हा आपल्या गाडीकडे वळले. एक शब्द बोलले नाहीत.

हे फोटो मी टाकले की घरून ठरलेला प्रश्न येतो. मावशी विचारते, "इतकं शिकून जर्मनीत गेलात, आणि गाडीखाली झोपायची वेळ आली?" मावशी, वेळ आलेली नाही. नव्या मोटरहोमच्या किमतीत निगडीत फ्लॅट येतो. आणि इथे माझे डॉक्टर, आमच्या इमारतीतले शिक्षक, सगळे हातात पाना घेतात, त्यात कमीपणा कोणी मानत नाही. आपल्याकडे हात काळे करणाऱ्या माणसाचं कौशल्य जगात कुठे नसेल इतकं, आणि त्याला मान मात्र गाडी पुसणाऱ्याइतकाच. भोसरीतला तो मिस्त्री इथे असता तर त्याच्याकडे महिनाभर आधी वेळ घ्यावी लागली असती.

मागच्या डाव्या कोपऱ्यात या आठवड्यात यंत्र १७ दाखवतंय. आवाज अजून कोरडा आहे. थंडीत गोंद नीट धरत नाही, म्हणून तो कोपरा एप्रिलपर्यंत उघडणार नाही; तोवर दर पंधरवड्याला आकडा पेन्सिलीनं भिंतीवर लिहून ठेवतेय. दाजींना व्हिडिओ कॉलवर वाजवूनही दाखवलं. ते म्हणाले, आधी दिव्याचे स्क्रू बघ.