धाप दम्याची की वजनाची?

दम्याचे रुग्ण माझ्याकडे श्वसनाचे व्यायाम शिकायला येतात, आणि ज्यांचे वजन जास्त आहे ते हमखास विचारतात, “मॅडम, मला लागते ती धाप दम्याची की वजनाची?” बहुतेकांच्या बाबतीत ती दोन्हींची असते; पण दोहोंची कारणे निराळी आहेत आणि ती ओळखता आली नाहीत, तर पंपाचा (इनहेलरचा) वापर वाढत जातो आणि धाप तशीच राहते.

दम्यात श्वासनलिकांना सूज येते, त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात आणि हवा बाहेर पडताना अडते. छातीत शिट्टी वाजते ती त्यामुळे. पोटावर चरबी साठली की श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू, वर ढकलले जाते, छाती फुलवायला अधिक बळ लागते आणि साधा श्वास सोडल्यानंतर फुप्फुसांत जेवढी हवा शिल्लक राहायला हवी तेवढी राहत नाही. फुप्फुसे पुरेशी फुललेली असली, तर लहान श्वासनलिका चहूबाजूंनी ताणल्या जाऊन उघड्या राहतात. तो ताण कमी झाला की आधीच सुजलेल्या नलिका आणखी अरुंद होतात. आडवे झाल्यावर पोटाचा भार छातीकडे सरकत असल्यामुळे अनेकांना उशाशी दोन-तीन उश्या घ्याव्या लागतात.

माझ्याकडे येणाऱ्या एक शिक्षिका सँडलचा पट्टा लावायला वाकल्या की त्यांचा श्वास कोंडत असे आणि सरळ होताच त्या पर्समधून पंप काढत असत. एकदा हे माझ्यासमोर घडले तेव्हा छातीत घरघर नव्हती आणि जोराने फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते ते दाखवणाऱ्या पीक फ्लो मीटरचा आकडा नेहमीइतकाच होता. पंपातले औषध आवळलेले स्नायू सैल करते. पोटाचा दाब त्याने कसा हटणार? पाय स्टुलावर ठेवून, श्वास सोडत सोडत वाकायला त्यांना शिकवले आणि तेवढ्या कामापुरती पंपाची गरज उरली नाही.

यावरून उलटा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. “आधी वजन कमी करा” एवढेच ऐकून घरी परतलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्याचा मला मनापासून राग येतो, कारण रात्री खोकल्याने जाग येणाऱ्या माणसाचा दमा त्यामुळे उपचारांविना राहतो. पंप घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, केली, तर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा किमान 12 टक्के आणि 200 मिलिलिटर वाढते का, हे दिसते. केवळ लठ्ठपणामुळे असा फरक पडत नाही.

चरबी नुसती भार टाकत नाही, ती सूज वाढवणारी द्रव्येही रक्तात सोडते, आणि अशा काही रुग्णांत सूज कमी करणाऱ्या स्टिरॉइडच्या पंपाचा गुण कमी येतो. तरीही तो पंप स्वतःच्या मनाने बंद करू नये. दम्याचे झटके वाढले, तर स्टिरॉइडच्या गोळ्या पुन्हा पुन्हा घ्याव्या लागतात, त्यांनी भूक वाढते आणि वजन आणखी चढते. ज्यांना मोठ्याने घोरण्याची किंवा आंबट पाणी घशाशी येण्याची तक्रार आहे, त्यांनी तीही डॉक्टरांना सांगावी, कारण या दोन्हींमुळे दमा बळावू शकतो आणि घोरताना श्वास अडत असेल तर दिवसभर अंग गळून गेल्यासारखे वाटते.

वजन किती उतरले म्हणजे फरक पडेल, असेही विचारले जाते. 5 ते 10 टक्के घट झाली तरी दमा अधिक आटोक्यात आल्याचे आढळते. 80 किलोच्या व्यक्तीसाठी ही घट 4 ते 8 किलो एवढीच आहे. धाप लागेल या भीतीने चालणेच सोडून दिलेल्यांना मी सपाट रस्त्यावर, पंप खिशात ठेवून, बोलता येईल इतक्याच वेगाने चालायला सांगते.

तुमच्या धापेत कोणाचा वाटा किती, हे ठरवण्यासाठी पुढच्या भेटीला येताना ती कोणते काम करताना लागली, तेव्हा छातीत आवाज होता का आणि पंप घेतल्यावर 10-15 मिनिटांत उतार पडला का, एवढे लिहून आणावे.