काउंटरच्या अलीकडे
डॉक्टर साडेदहाला येतात पण नऊपासूनच बाकावर माणसं, आणि अर्ध्यांचं एकच, "ताई, फक्त रिपोर्ट दाखवायचाय, दोन मिनिटं", ह्या दोन मिनिटवाल्यांमुळेच सगळे नंबर बोंबलतात राव. खरं डोकं खातात ते शुगरवाले. उपाशीपोटी या म्हणून कागदावर लिहून दिलं तरी आजोबा म्हणणार, "काही नाही खाल्लं गं, नुसता चहा", आणि मागून आजी हळूच, "दोन बिस्किटं बुडवून!" झालं, उद्या या. जेवणानंतरची शुगर दोन तासांनी बघतात, तर हे अर्ध्या तासात हजर. त्यात फोन वाजतोय, औषध कंपन्यांचे एमआर बॅगा घेऊन दारात उभे. यूपीआय आल्यापासून सुट्ट्या पैशांची कटकट तेवढी गेली.