१० मार्चचे दोन निरोप

२०२० च्या १० मार्चला सकाळी आठच्या सुमारास आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर सावित्रीबाई फुले यांचे चित्र आले. तो त्यांचा स्मृतिदिन. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाईंनी आपल्या मुलाच्या, म्हणजे डॉक्टर यशवंत यांच्या दवाखान्यात आणले, त्या शुश्रूषेतच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्चला त्यांचे निधन झाले, अशा चार ओळी चित्राखाली होत्या. गटातल्या बहुतेकांनी हात जोडल्याच्या खुणा टाकल्या, मीही टाकली. साडेअकराला त्याच गटावर दुसरा निरोप आला. त्यात पुण्यात आदल्या संध्याकाळी सापडलेल्या कोरोनाच्या रुग्णांची म्हणून नावे होती, वसाहतीचे नाव होते, आणि 'यांच्या संपर्कात आलेल्यांनी सावध राहावे' असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते. तो निरोप मी तीन ठिकाणी पुढे पाठवला: बहिणीला, कार्यालयातल्या गटावर आणि आमच्या भिशीच्या गटावर. वर स्वतःचे दोन शब्दही जोडले, 'काळजी घ्या'.

त्या दिवसापर्यंत हा आजार आमच्या दृष्टीने दुसऱ्या कोणाचा तरी होता. ३० जानेवारीला केरळमध्ये वुहानहून परतलेल्या विद्यार्थिनीच्या रूपाने देशातला पहिला रुग्ण सापडला तेव्हा आम्ही बातमी वाचली आणि पान उलटले. फेब्रुवारीभर कार्यालयात कोणी शिंकले की 'वुहानला जाऊन आलास का' असा विनोद व्हायचा आणि शिंकणाराही हसायचा. गेटवे ऑफ इंडियापाशी रामदास आठवले यांनी चिनी अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत दिलेल्या 'गो कोरोना' या घोषणेची चित्रफीत मार्चमध्ये घरोघरी पोचली आणि लहान मुले ती जिन्यात म्हणू लागली. होळीला मुंबईत वरळीत 'कोरोनासुरा'चा पुतळा जाळला गेला. यात कोणाला काही वावगे वाटले नाही आणि मला आजही वाटत नाही. संकटाला असुराचे तोंड देऊन होळीत घालणे ही आपली जुनी रीत आहे.

वावगे होते ते कोंबड्यांचे. चिकन खाल्ल्याने कोरोना होतो ही अफवा फेब्रुवारीतच इतकी पसरली होती की पशुसंवर्धन विभाग आणि डॉक्टर कंठशोष करून सांगत असतानाही दुकानांवर माशा घोंगावू लागल्या होत्या. जो पक्षी वाढवायला प्रति किलो सत्तर-ऐंशी रुपये खर्च येतो तो कवडीमोलाने विकण्याची वेळ पोल्ट्रीवाल्यांवर आली, आणि बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाक तालुक्यात तर एका शेतकऱ्याने हजारो जिवंत पक्षी खड्ड्यात लोटल्याची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. आमच्या घरी तेव्हा मांसाहार बंद झाला होता. कारण विचारले असते तर मी 'उगाच कशाला धोका' असे म्हटले असते. त्या दोन महिन्यांतला आमचा बहुतेक शहाणपणा या एका वाक्यावर चालत होता.

९ मार्चच्या संध्याकाळी मात्र चित्र पालटले. दुबईच्या सहलीहून १ मार्चला परतलेल्या एका दांपत्याला लागण झाल्याचे उघड झाले. राज्यातले ते पहिले रुग्ण. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी, त्यांना मुंबईहून पुण्याला आणणारा टॅक्सीचालक आणि एक सहप्रवासी यांचेही अहवाल आले. त्यांना ठेवले होते नायडू रुग्णालयात, जे प्लेगच्या साथीतून उभे राहिले आणि २००९ च्या स्वाइन फ्लूमध्ये ज्याच्या दारात पुणेकरांनी तोंडाला रुमाल बांधून रांगा लावल्या होत्या. म्हणजे साथ या शहराला नवी नव्हती. पण २००९ मध्ये आमच्या हातात व्हॉट्सॲप नव्हते. या वेळी आजार काय आहे, तो कसा पसरतो, हात किती वेळ धुवायचे, हे विचारायच्या आधी सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला: कोण आहेत? कुठे राहतात? उत्तर तासाभरात प्रत्येकाच्या खिशात होते. रुग्णांची ओळख उघड करू नका, त्यांच्या कुटुंबीयांना वाळीत टाकू नका, असे प्रशासनाला जाहीरपणे सांगावे लागले, तेव्हा ती नावे पुण्याबाहेरही पोचली होती.

१३ मार्चला राज्य सरकारने साथरोग कायदा लागू केला. हा कायदा १८९७ चा, त्याच प्लेगसाठी इंग्रजांनी घाईने केलेला. शाळेत आपण त्या वर्षाची हकीकत शिकतो ती रँडची आणि चापेकर बंधूंची: गोऱ्या सोजिरांनी घरात घुसणे, देवघरापर्यंत जाणे, बायकामाणसांना रस्त्यावर आणून तपासणे, धडधाकट माणसांनाही छावणीत नेणे. त्या धास्तीने लोक रुग्णाला माळ्यावर लपवत, गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत, आणि मृत्यू झाला तरी त्याचा बोभाटा होऊ देत नसत. त्या काळी लपवायचे ते सरकारपासून, आणि शेजारी त्यात बहुधा साथ देत असावेत. आमच्या वेळी सरकार नाव झाकायला सांगत होते आणि शेजारी ते फोडत होते, यावर मी अनेकदा विचार केला आहे. प्लेगच्या पुण्यात भीतीला एक चेहरा होता, तो परका होता आणि गणवेशात होता. आमच्या भीतीला चेहरा नव्हता, म्हणून मिळेल त्या पत्त्यावर आम्ही तो बसवत होतो.

पहिला पत्ता अर्थातच सोसायटीच्या दारातल्या बायकांचा. १८ मार्चला पार्किंगमध्ये बैठक झाली. खुर्च्या लांब लांब मांडायच्या ठरल्या होत्या, पण ऊन आल्याने सगळे एकाच सावलीत सरकले आणि तिथे खेटून बसून घरकामाच्या बायकांना उद्यापासून आत सोडायचे नाही असा ठराव एकमताने मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी आमच्या मावशी फाटकाबाहेर उभ्या होत्या. वॉचमनने त्यांना खडूने आखलेल्या रेषेच्या पलीकडे थांबवले होते आणि हातात सॅनिटायझरची बाटली धरून तो स्वतःच अवघडला होता. मी खाली जाऊन पगाराचे पाकीट दिले, महिनाभर येऊ नका, पैसे मिळतील, असे सांगितले. मावशींनी पाकीट कमरेला खोचले आणि अगदी शांतपणे विचारले, "ताई, हा रोग विमानातनं आलाय म्हणतात ना? मग मी तर कधी विमान जवळनं बघितलंबी नाही. तुमच्या बिल्डिंगीत किती जण जाऊन आले?" मी मनात मोजले. जानेवारीपासून सात जण. हा आकडा त्या बैठकीत कोणी काढला नव्हता.

हे फक्त शहराचे नव्हते. शिमग्याला कोकणात गेलेले मुंबईचे चाकरमानी पालखी नाचवून परतले, त्याच गावांनी पंधरा दिवसांत त्यांच्याच वाटेवर झाडाचे ओंडके टाकले. घाटावर गावोगावी वेशीला बैलगाड्या आणि बाभळीचे काटे लावून 'पुणे-मुंबईच्या लोकांना प्रवेश नाही' असे पुठ्ठ्यावर लिहिले गेले. माझ्या माहेरच्या गावातही ते झाले आणि काटे लावणाऱ्यांत माझा चुलतभाऊ होता. त्याने फोनवर सांगितले, "अक्का, तुला म्हणून नाही, पण दवाखाना इथून बावीस किलोमीटर आहे." त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. आमच्या सोसायटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर मोठी रुग्णालये होती, त्यामुळे त्याचे काटे आणि आमची खडूची रेषा मला एका मापाची वाटत नाही.

१९ मार्चला आमच्याच मजल्यावरच्या कुटुंबातला मुलगा जर्मनीहून परतला. तीन दिवस आधी राज्य सरकारने परदेशाहून येणाऱ्यांच्या डाव्या हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूला शिक्का मारायचे ठरवले होते. निवडणुकीत बोटाला लावतात ती शाई, 'घरी विलगीकरणात' अशा अर्थाचा मजकूर आणि तारीख. त्यामागचा हेतू चांगला होता. लोक सूचना मोडून फिरत होते हेही खरे होते. पालघरला असा शिक्का असलेल्या चौघांना इतर प्रवाशांनी ओळखले आणि रेल्वेतून उतरवण्यात आले, ती बातमी आम्ही आदल्याच दिवशी वाचली होती. पण हा मुलगा कुठेही फिरत नव्हता. तो विमानतळावरून आला, जिन्याने चढला, कारण लिफ्ट वापरू नकोस असे त्याला खालीच सांगण्यात आले होते, आणि आपल्या खोलीत गेला. त्या दिवसापासून त्यांच्या दारात दूध येईना. कचरा नेणारा मुलगा त्यांची बादली ओलांडून आमची उचलू लागला. समोरच्या आजोबांनी आपल्या दाराच्या फटीला ओला पंचा लावला. मी स्वतः काय केले तर दुधाच्या पिशव्या सोड्याच्या पाण्यात बुडवून धुतल्या, त्यांच्यासाठी एक पिशवी जास्त आणली आणि ती दाराशी ठेवून, घंटी वाजवून, ते दार उघडायच्या आत आपले दार लावून घेतले.

२२ मार्चच्या रविवारी जनता कर्फ्यू होता, सकाळी सात ते रात्री नऊ. विषाणू बारा तास जगतो आणि कर्फ्यू चौदा तासांचा आहे, तेव्हा सोमवारी साखळी तुटलेली असेल, हा हिशेब मला त्या दिवशी पाच वेगवेगळ्या लोकांनी पाठवला. त्यांतला एक विज्ञानाचा शिक्षक होता. सरकारी यंत्रणेने तो खोटा असल्याचे सांगितले, ते कोणी पाठवले नाही. संध्याकाळी पाच वाजता डॉक्टर, परिचारिका आणि सफाई कामगारांसाठी टाळ्या-थाळ्या वाजल्या. मी सासूबाईंची जुनी पितळी परात घेतली होती. खरे सांगायचे तर मला तेव्हा भरून आले होते. इतक्या दिवसांच्या दबलेपणानंतर सगळी इमारत एकाच वेळी आवाज करत होती, शंख वाजत होते, खालच्या मजल्यावरचा छोटा मुलगा डब्याच्या झाकणावर लाटणे आपटत होता. तेवढ्यात शेजारच्या गॅलरीत तो जर्मनीहून आलेला मुलगा आला, मास्क लावलेला, हातात स्टीलची ताटली. त्याने दोन-तीनदा ती वाजवली. त्याच्या वरच्या गॅलरीतल्या बाईंनी मुलांना आत घेतले आणि दार ओढले. मग पलीकडच्याही आत गेल्या. आवाज चालूच होता, फक्त आमच्या बाजूच्या तीन गॅलऱ्या रिकाम्या झाल्या होत्या. तो ताटली हातात धरून थोडा वेळ उभा राहिला आणि आत गेला. मी परात वाजवत राहिले, कारण थांबणे मला जास्त अवघड वाटले.

रात्री त्याच्या आईचा फोन आला. एका भिंतीपलीकडून. शिक्क्यासह त्याच्या हाताचे छायाचित्र आणि आमच्या इमारतीचे नाव असा एक निरोप फिरतो आहे, असे त्यांच्या भावाने त्यांना कळवले होते. छायाचित्र जिन्यात घेतलेले होते, म्हणजे इमारतीतल्याच कोणी तरी घेतलेले. "तुमच्या भिशीच्या गटावर आलंय का बघता का? आमच्या ह्यांच्या ऑफिसात कळलं तर..." एवढे बोलून त्या थांबल्या. मी बघते म्हटले.

ते आले होते, दुपारी दोनला. त्याच्यावर 'बाप रे', 'यांना कळत नाही का', 'नाव काय?' असे निरोप होते आणि सुदैवाने नाव कोणी सांगितले नव्हते. ज्या मैत्रिणीने ते टाकले होते तिला मी फोन करून ते काढायला सांगितले. ती थोडी चिडली. म्हणाली, "आणि तू नव्हतं का टाकलंस, ते दुबईवाल्यांचं?"

फोन ठेवून मी तो गट वर सरकवत गेले. सॅनिटायझर कुठे मिळतो, कापूर आणि लवंगांची पुरचुंडी, आर्सेनिकच्या गोळ्या, थाळ्यांच्या आवाजाने विषाणू मरतो, शाळांना सुट्टी, रंगपंचमीचे विनोद. तेरा दिवसांची ती सगळी गर्दी ओलांडून १० मार्च आला. नावे होती, वसाहत होती, वर माझे 'काळजी घ्या' होते. त्याखाली अकरा जणींनी मला धन्यवाद दिले होते. मी निरोपावर बोट दाबून धरले. पाठवून तासभर उलटला की 'डिलीट फॉर एव्हरीवन' हा पर्याय तेव्हा दिसत नसे. 'डिलीट फॉर मी' एवढाच होता. तो दाबला आणि माझ्या फोनवरून ती नावे गेली.