अबू नुहासची तयारी : मुंबईला निघालेल्या जहाजांपाशी

जानेवारी

४१ वी डाइव्ह झाली. गोव्यात, ग्रँड आयलंडजवळ, सूझीज रेक या बुडालेल्या जहाजावर. खोली जेमतेम १२ मीटर, व्हिजिबिलिटी चार मीटर असेल-नसेल. तिथे जाऊन आलेल्यांना माहीत आहे, जहाज असं अखंड दिसतच नाही. पत्रे, बॉयलरचे तुकडे आणि त्यांत घुसलेले मासे, एवढंच हाती लागतं. तरी मला तिथे पुन्हा जायचं होतं, कारण बुडीत जहाजं बघायच्या ऑक्टोबरच्या मोठ्या ट्रिपसाठी स्वतःला तपासून बघायचं होतं.

दोन गोष्टी कळल्या. पहिली, एका पत्र्याखाली डोकावताना माझे फिन (पायात घालायचे पंख) खाली लागले आणि गाळ असा उसळला की समोरची मावसबहीण (माझी बडी, म्हणजे पाण्यातली जोडीदार) दिसेनाशी झाली. मिनिटभरात पाणी निवळलं. उघड्या समुद्रात मिनिटभर काहीच नाही, पण छप्पर असलेल्या जागी तेच मिनिट फार लांबतं. दुसरी गोष्ट हवेची. ११ लिटरच्या सिलिंडरमधले १५० बार (हवेच्या दाबाचं माप) ३८ मिनिटांत संपले. १२ मीटरवर दाब २.२ पट, म्हणजे पृष्ठभागाच्या हिशेबाने मी मिनिटाला जवळजवळ २० लिटर हवा ओढते. हा आकडा वहीत लाल शाईने लिहून ठेवला आहे. पुढची सगळी निवड त्याच्यावरच बेतली.

फेब्रुवारी

यादी मोठी होती, ती कापत आणली.

मायक्रोनेशियातलं चुउक सगळ्यात आधी गेलं. १९४४ च्या फेब्रुवारीत अमेरिकी विमानांनी बुडवलेला जपानी ताफा एकाच खाजणात पडलाय, ज्याला बुडीत जहाजांचं वेड आहे त्याला एकदा तरी तिथे जायचंच असतं. पण पुण्याहून तिथवर पोहोचण्यात निम्मी रजा संपते.

श्रीलंकेचं मट्टक्कळप्पू म्हणजे बॅटिकलोआ मात्र सोडवत नव्हतं. तिथे एचएमएस हर्मीस आहे. ९ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी बुडवलेली विमानवाहू नौका. आपल्या विराटचंही नौदलात येण्याआधीचं नाव हर्मीसच होतं. ती याच नावाची नंतरची नौका. तिच्यामुळे या पहिल्या हर्मीसबद्दल मला लहानपणापासून ओढ आहे. पण ती ५० मीटरच्याही खाली आहे. तो टेक्निकल डायव्हिंगचा प्रांत, आणि ‘फक्त एकदा, पटकन’ म्हणून तिथे जाणारी माणसं मला बघवत नाहीत. प्रशिक्षण घेईन तेव्हा जाईन.

बालीचं तुलांबेन नवशिक्यांसाठी अजूनही माझं पहिलं उत्तर आहे. लिबर्टी हे मालवाहू जहाज १९४२ मध्ये टॉर्पेडोने जखमी झालं, किनाऱ्यावर ओढून ठेवलं गेलं, आणि १९६३ च्या आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात पुन्हा पाण्यात सरकलं. गोट्यांच्या किनाऱ्यावरून चालत जाऊन उतरता येतं. तुमच्या वीसेक डाइव्ह झाल्या असतील तर डोळे मिटून तिथे जा. बहीण दोनदा जाऊन आली आहे, म्हणून या वेळी नको.

उरला इजिप्तचा तांबडा समुद्र. तिथेही दोन जागांवर काट मारली. ब्रदर्स बेटांपाशी न्युमिडिया आहे, लिव्हरपूलहून कलकत्त्याला रेल्वेचं सामान घेऊन निघालेली आणि १९०१ मध्ये बुडालेली. पण तिथे ५० नोंदवलेल्या डाइव्हची अट असते, शिवाय जहाज उभ्या उतारावर खोल खोल गेलेलं, आणि प्रवाह जोराचा. मोसम संपेपर्यंत मी ४६-४७ वर पोहोचेन. अट तीनचार आकड्यांनी हुकते म्हणून मी वहीत खोटं लिहिणार नाही. दुसरी जागा साफागाजवळची सालेम एक्स्प्रेस. डिसेंबर १९९१ मध्ये जेद्दाहून परतणाऱ्या यात्रेकरूंसह ही फेरीबोट बुडाली आणि शेकडो माणसं गेली. त्यांचं सामान अजून खाली आहे. कोणी जातं त्याला मी नावं ठेवत नाही. मला मात्र तिथे पाहुण्यासारखं उतरवणार नाही.

एप्रिल

अबू नुहास ठरलं! शिवाय वाटेवर थिसलगॉर्म, हे महायुद्धात बुडालेलं जहाज.

नकाशा काढून बघा. सुएझच्या आखातातून खाली येणारी जहाजं गुबालच्या सामुद्रधुनीतून मोकळ्या समुद्रात शिरतात, आणि तिथेच पाण्याच्या जरा खाली हा प्रवाळाचा त्रिकोणी खडक दडलेला आहे. त्याच्या उत्तरेच्या उतारावर चार जहाजं जवळजवळ एका रांगेत पडली आहेत, सगळी साधारण ३० मीटरच्या आतबाहेर. एका जागी नांगर टाकून चार वेगवेगळ्या प्रकारची जहाजं बघायला मिळतात. निवडीचं व्यवहारी कारण हेच.

खरं कारण वेगळं आहे. यातली दोन जहाजं मुंबईला यायला निघाली होती.

कार्नाटिक पी अँड ओ कंपनीचं, वाफ आणि शीड दोन्हींवर चालणारं, सुमारे ९० मीटर लांब. सप्टेंबर १८६९ मध्ये सुएझहून मुंबईला प्रवासी, टपाल, तांब्याचे पत्रे आणि ४०,००० पौंडांचं नाणं घेऊन निघालं. रात्री खडकावर चढलं. कप्तानाला वाटलं, जहाज टिकून आहे, कंपनीचं दुसरं जहाज मागून येतंच आहे, तर प्रवाशांना होड्यांत कशाला घालायचं? एक अख्खा दिवस आणि रात्र तशीच गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रवासी उतरू लागले आणि तेवढ्यात जहाज मधोमध मोडलं. ३१ जण गेले. दोनच महिन्यांनी सुएझ कालवा खुला झाला.

हे वाचताना मला सारखं मुंबईचं बंदर दिसत होतं. धक्क्यावर कोणीतरी वाट बघत असणार, टपालातलं पत्र कोणाच्यातरी गिरगावातल्या घरी पोहोचायचं असणार.

डायव्हर म्हणूनही कार्नाटिक माझ्या पातळीला नेमकं बसतं. डेकचं लाकूड कुजून गेलंय, लोखंडी बरगड्या उरल्यात. त्यामुळे आत शिरलं तरी दोन्हीकडून उजेड येतो, बाहेरचा निळा रंग सतत दिसत राहतो. त्या बरगड्यांमध्ये काचमाशांचे थवे असतात. जहाजाच्या आत जायचं पहिलं पाऊल टाकायला याहून चांगली जागा मला सापडली नाही.

दुसरं किमॉन एम. डिसेंबर १९७८, तुर्कस्तानच्या इस्केंदेरूनहून मुंबईकडे, पोटात मसूर. होय, मसूर! म्हणून डायव्हर त्याला डाळीचं जहाज म्हणतात. आईला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, “अगं, एवढी डाळ पाण्यात गेली?”

उरलेल्या दोघांत जानिस डी (१९८३, लाकूड) सगळ्यात जास्त फोटो काढला जाणारा आहे. क्रिसुला के (१९८१) हे इटालियन फरशांचं. फरशांचे गठ्ठे अजून रचल्यासारखे दिसतात म्हणे.

जून

गोवा बंद. पावसाळ्यात पोहण्याच्या तलावातच सराव.

मासिक प्रगती : फिनचा बेडकासारखा झटका आता जमतो, गाळ उसळत नाही. तळापासून वीतभर वर दहा मिनिटं स्थिर राहू शकते. हवेचा आकडा मेमधल्या शेवटच्या गोवा फेरीत १६ लिटरवर आला. फरक किती पडतो बघा : थिसलगॉर्मवर सरासरी २८ मीटर धरलं तर दाब ३.८ पट. १२ लिटरच्या सिलिंडरमधले वापरायचे १५० बार म्हणजे १८०० लिटर. जानेवारीच्या माझ्या श्वासाने ते २४ मिनिटांत संपले असते, आता २९ ते ३० मिनिटं पुरतील. नायट्रॉक्सचा (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचा) कोर्सही याचसाठी केला. ३० मीटरवर साध्या हवेची डीकॉम्प्रेशनविना (म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे न घेता खाली राहायची) मर्यादा तक्त्यात २० मिनिटं आहे, ३२ टक्के ऑक्सिजनवर ती साधारण ३० होते. हवा आणि वेळ आता एकमेकांना जुळली. मात्र ३२ च्या मिश्रणावर ३३ मीटरच्या खाली जायचं नाही, हे पाटीवर लिहिलंय.

थिसलगॉर्मसाठी एवढी धडपड का, तर ६ ऑक्टोबर १९४१ च्या रात्री जर्मन बॉम्बरने बुडवलेल्या या जहाजात अजून मोटारसायकली ट्रकांवर उभ्या आहेत, बाजूला वाळूत रेल्वे इंजिनं पडली आहेत. नऊ जण त्यात गेले. जहाज तीसेक मीटरवर सरळ बसलंय. पण नौकांनी थेट त्याच्या कठड्यांना दोर बांधून आणि डायव्हरांनी वस्तू उचलून त्याची फार हानी केली आहे. बोट निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारला, की दोर कुठे बांधता? गुळमुळीत उत्तर देणाऱ्यांना सोडलं. दुसरा प्रश्न, पाण्यात किती वाजता उतरवता? शार्म अल शेखहून येणाऱ्या दिवसाच्या बोटी पोहोचण्याआधी, उजाडताना उतरायचं. गर्दीत त्या मालखोल्यांतून गाळ उडत असताना फिरण्यात अर्थ नाही.

ऑगस्ट

पैसे भरले. क्रमही ठरवला, आणि यावर आमच्या दोघींचा चांगला वाद झाला. बहिणीला जानिस डी आधी हवं. मी म्हणते, कार्नाटिक. जानिस डीचा मागचा भाग तिरका कललेला आहे. आतल्या जिन्यात शिरलं की भिंत, जमीन, छत सगळं कलतं, आणि आपले बुडबुडे डोळ्यांना चुकीच्या दिशेने जाताना दिसतात. चांगल्या-चांगल्यांना मळमळतं. ते तिसऱ्या दिवशी, अंग पाण्याला सरावल्यावर. इंजिनखोलीत गाईडशिवाय नाही, आणि एकतृतीयांश हवा उरली नसली तर गाईडसोबतही नाही. ती शेवटी मानली.

समुद्राचं काही आपल्या हाती नाही. चारही जहाजं उत्तरेच्या, वाऱ्याच्या अंगाला आहेत. मोठी बोट दक्षिणेच्या आडोशाला थांबते आणि झोडियाकने (रबरी होडीने) फेरा मारून आपल्याला जहाजांपाशी सोडतात. लाटा असतील तर त्या दिवशी नाही. म्हणून अबू नुहाससाठी दोन दिवस मोकळे ठेवलेत.

जाता जाता सिंधुदुर्गाची बातमी. निवृत्त आयएनएस गुलदार नौदलाने २०२५ मध्ये एमटीडीसीकडे सोपवली, निवतीच्या खडकांजवळ पाण्याखालच्या संग्रहालयासाठी. मुद्दाम स्वच्छ करून बुडवलेल्या जहाजात शिकणं सगळ्यात सुरक्षित, आणि ते आपल्या दारात होत असेल तर मला फार आनंद आहे. ५० वी डाइव्ह तिथे करायची इच्छा आहे.

राहिलेलं काम : रीलची दोरी, जहाजातून परतीची वाट सापडावी म्हणून सोडत जायची ती. काल तलावात डोळ्यांवर पट्टी बांधून दोरीच्या आधारे पंचवीस मीटर परत आले, दोनदा गुंता झाला. रविवारी पुन्हा, या वेळी बहिणीचा मास्क काढून.