तारखेचा रकाना

वाई तालुक्यात आमचं जुनं घर आहे. त्याच्या माळ्यावर तांबड्या खारव्याच्या जाड कापडात बांधलेले जुन्या कागदांचे चार गठ्ठे, म्हणजे रुमाल, होते. घराण्याकडे गावचं कुलकर्णीपण होतं, त्यामुळे वसुलाचे हिशेब, महजर म्हणजे पंचांसमोरचे निवाडे, पत्रं असं सगळं त्यांत होतं. मी साताऱ्याला कॉलेजात इतिहास शिकवते. पुराभिलेख विभागाच्या वर्गात मोडी शिकले, पण स्वतःच्या घरचे रुमाल मात्र वर्षानुवर्षं सोडले नव्हते. ते सुटले एका जर्मन विद्यापीठातल्या संशोधकामुळे. अठराव्या शतकातल्या गावांच्या वसुलावर त्यांचं काम आहे आणि ते मोडी माझ्याइतकीच सहज वाचतात. त्यांनी मांडलं ते साधं होतं: कागद घरातच राहतील, छायाचित्रं आपण काढू, नोंदी दोघं मिळून करू. प्रतींचा एक संच घरी, एक पुण्यात, एक त्यांच्या विद्यापीठात. आणि जगातल्या कुणालाही तो फुकट पाहता येईल.

काकांना तयार करायला चार महिने लागले. "अगं, कागद एकदा उंबऱ्याबाहेर गेला की गेला," ते म्हणाले. त्यांचं चुकत नव्हतं. इतिहाससंशोधक पारसनीसांनी साताऱ्यात उभा केलेला जुन्या कागदांचा संग्रहसुद्धा १९३९मध्ये पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. तिथे तो नीट सांभाळला गेला, पण साताऱ्याच्या माणसाला तो बघायला पुणं गाठावं लागतं. काकांची दुसरी काळजी भाऊबंदकीची होती. जमिनीचा एखादा कागद बाहेर दिसला आणि उद्या कुणी कोर्टात नेला तर? म्हणून करारात दोन वाक्यं मराठीत घालून घेतली: मूळ कागद घराबाहेर जाणार नाही, आणि १९०० नंतरचा एकही कागद यात येणार नाही. पलीकडच्या कायदा विभागाला इंग्रजी भाषांतर हवं होतं, ते दिलं. सही मात्र मराठी मसुद्यावरच झाली.

फोटो काढण्यात आमचा मे महिना गेला. पहिल्या दिवशीची नव्वद छायाचित्रं मी पुसून टाकली, कारण ट्यूबलाइटमुळे त्यांवर पट्टे उमटले होते. मग दोन एलईडी दिवे दोन्ही बाजूंनी तिरपे लावले, खाली काळं कापड अंथरलं, कडेला रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवली. कागद पाठपोट, म्हणजे दोन्ही बाजूंनी लिहिलेला, असो वा नसो, मागची बाजूही घ्यायचीच, असं ठरवलं. लांब हिशेबांत बंद, म्हणजे कागदाचे लांब तुकडे, एकमेकांना चिकटवलेले असतात आणि जोडावरचा शिक्का पाठीवरच सापडतो.

एका पत्राची घडी उलगडली तेव्हा काळ्या कापडावर बारीक काहीतरी सांडलं. आधी वाटलं, कसर लागलीय. भिंगातून पाहिलं तर वाळू होती. बोरूने लिहून झाल्यावर ओली शाई टिपायला वर वाळू टाकायचे. लिहिणाऱ्याने ती झटकली, पण घडीत चार कण राहिले असणार. ते कण मी कागदाच्या पुडीत बांधले आणि पुडीवर पत्राचा क्रमांक घातला. तशी सूचना कुठल्याही नियमावलीत नव्हती, पण मला ते टाकवेना.

खरी लढाई नोंदींची झाली. ६१२ कागद होते आणि प्रत्येकाला तारखेचा रकाना. त्या रकान्याला वर्ष-महिना-दिवस याखेरीज काहीच चालत नव्हतं. आमच्या वाळूच्या पत्रावर होतं, 'छ ९ रबिलावल सन इसन्ने सबैन मया व अलफ'. छ म्हणजे चंद्र, म्हणजे ही रबिलावल या चांद्र महिन्याची नववी तारीख. इसन्ने दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार: मराठी दप्तरांत चालणाऱ्या सुहूर सनाचं ११७२वं वर्ष. सुहूर वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. आमच्या सामायिक तक्त्यातलं सूत्र सरसकट ६०० मिळवत होतं. त्यामुळे हे पत्र १७७२चं ठरलं होतं, आणि त्याच्यासारखी इतरही कितीतरी.

पत्रात काय आहे? बैल मेले आहेत, बियाण्याला तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, मिळावी. तारीख निघते २२ जून १७७१ची, म्हणजे ऐन पेरणीची. एक वर्ष सरकलं तर त्या माणसाची गरज भलत्याच पावसाळ्यात जाऊन पडते. हे मी संशोधकांना कळवलं. त्यांनी त्याच संध्याकाळी सूत्र काढून टाकलं आणि सगळ्या तारखा आम्ही दोघांनी जंत्री, म्हणजे जुन्या-नव्या तारखांचं कोष्टक, घेऊन हाताने पुन्हा काढल्या. सहा आठवडे गेले. चंद्रदर्शनात एखाद्या दिवसाचा फरक राहतोच, तो लपवायचा नव्हता. त्यासाठी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पुढाकाराने घडलेली आणि २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय मानकात आलेली पद्धत कामी आली. तारखेपुढे नागमोडी चिन्ह दिलं की संगणक ती 'सुमारे' अशी वाचतो. मी मात्र आणखी एका रकान्याचा हट्ट धरला: मूळ तारीख, जशी लिहिली तशी. आधी ती 'टिपणी'त घाला असं उत्तर आलं. टिपणीत शोध लागत नाही, म्हणून मी मान्य केलं नाही. आज तो रकाना आहे आणि त्यात 'सबैन' शोधलं तर सत्तरीतले कागद पुढे येतात.

लिप्यंतरातही असंच झालं. मोडीला २०१४पासून युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात, जागा आहे. तो प्रस्ताव अमेरिकेतून अंशुमन पांडे यांनी मांडला होता. तरी आम्ही वाचकांसाठी देवनागरीच ठेवली. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नाहीत. तिथे आपण आजचं शुद्धलेखन लादायचं नाही, हे मात्र आधी ठरवून घेतलं. शब्द तोडायचे कुठे, यावर तासन्‌तास बोलणं व्हायचं, कारण शिरोरेघ एका दमात ओढलेली आणि अक्षरं तिला टांगलेली.

डिसेंबरात संच खुला झाला. मी काकांना लॅपटॉपवर ते पत्र मोठं करून दाखवलं. ते अक्षरांवरून बोट फिरवत बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तगाई मिळाली का गं त्याला?"

त्या सालचा हिशेब आमच्या रुमालात नाही. संशोधकांना विचारलं, ते पुण्याच्या दप्तरात शोधताहेत. काकांनी कसर लागू नये म्हणून वेखंडाचे नवे तुकडे आणले, वाळूची पुडी पत्राशेजारी ठेवली आणि रुमालाची गाठ स्वतः मारली.