कुपीवरचा देश

कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या पूजासाहित्याच्या दुकानात ऊद मागितला, तर निखाऱ्यावर टाकायचे राळेचे खडे पुडीत बांधून मिळतात. अरबी व्यापारात ज्याला ऊद म्हणतात ते मात्र आपले अगरू. अगरू ज्यापासून मिळते त्या ॲक्विलेरियाच्या निरोगी झाडाचे लाकूड फिकट आणि जवळजवळ वासहीन असते. खोडाला जखम होऊन आत बुरशी शिरली, की झाड बचावासाठी तिथे गडद, सुगंधी राळ साठवते आणि त्या राळेने भरलेल्या लाकडापासून तेल काढतात. हे तेल मी सहा वर्षांपासून थोडेथोडे विकत घेतो आणि घरी मिसळतो.

आसामातल्या होजाईकडच्या तेलाला आंबूस, गोठ्याची आठवण करून देणारा वास असतो, कारण ऊर्ध्वपातनापूर्वी लाकडाचा भुगा पुष्कळ दिवस पाण्यात भिजत ठेवलेला असतो. कंबोडी म्हणून मिळणारे तेल गोडसर आणि फळांकडे झुकणारे असते. ही दोन्ही एकत्र आली, तर आंबूसपणाला गोडव्याची किनार मिळेल, या विचाराने मी अर्धा तोळा होजाई, पाव तोळा कंबोडी आणि चंदनतेलाचे काही थेंब एका कुपीत घालून तीन महिने कपाटात मुरायला ठेवले. कुपी उघडली तेव्हा होजाईचा वास होता, पण पातळ झालेला, आणि त्याखाली काहीही नव्हते. उरलेल्या कंबोडीचा थेंब टिपकागदावर घेतला, तर संध्याकाळपर्यंत फळांचा वास उडून गेला आणि लाकडाचा लवलेशही मागे राहिला नाही. विक्रेत्याला फोन केला, तेव्हा तेल कंबोडियाच्या जंगलातलेच आहे, हे त्याने पुन्हा ठामपणे सांगितले. मला पैशांपेक्षा जास्त लागले ते होजाईचे, कारण मिश्रणातून ते आता वेगळे काढता येणार नव्हते.

गावाच्या नावावर माल विकला जाणे कोल्हापूरकरांना नवे नाही. बाहेरून आलेला गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जातो, ही आपल्या गुऱ्हाळवाल्यांची जुनी तक्रार आहे. अगरूच्या बाबतीत तर ही नावे फार प्राचीन आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अगरूचे जोंगक, दोंगक आणि समुद्रापलीकडून येणारे पारसमुद्रक असे प्रकार दिले आहेत. पण चांगल्या अगरूचे गुण सांगताना तिथे देश येत नाही. जड असावे, स्निग्ध असावे, गंध पसरावा, आग सोसावी, चोळले तरी टिकावे, असे ते गुण आहेत. मला ही दृष्टी फार मोलाची वाटते.

आज तर ‘कंबोडी’ हे पुष्कळदा वासाच्या धाटणीचे नाव असते आणि थायलंडच्या त्रात भागातल्या लागवडीचे तेलही त्याच नावाने फिरते. प्रयोगशाळेतली गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून दाखवणारी चाचणी, तेलात मिसळलेले डायइथाइल थॅलेटसारखे द्रावक पकडू शकते, परंतु झाड कोणत्या देशात वाढले हे तिच्या आलेखावरून खात्रीने सांगणे अवघड असते. सराफांच्या गुजरीत सोने कसोटीवर घासून पाहता येते. इथे तशी कसोटी नाही. ॲक्विलेरिया मॅलॅक्सेन्सिस १९९५ पासून आणि उरलेल्या जाती २००५ पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो, पण तो मोठ्या खेपेचा असतो. माझ्या पाव तोळ्यापर्यंत येताना मधल्या माणसांचा शब्दच उरतो.

म्हणून आता मी देश शेवटी विचारतो. लाकूड जंगलातले की लागवडीचे, भुगा किती दिवस भिजवला, ऊर्ध्वपातन कोणत्या वर्षी झाले, हे आधी विचारतो. मागच्या महिन्यात एका विक्रेत्याने मला सांगितले, “काका, हे त्रातच्या लागवडीचं आहे, वास कंबोडी धाटणीचा. भिजवण किती दिवसांची, ते मला ठाऊक नाही, म्हणून सांगत नाही.” त्या एका नकारावर मी त्याच्याकडून तीन ग्रॅम घेतले.

त्यातला एक ग्रॅम मिश्रणात न घालता वेगळ्या कुपीत ठेवला असून तिच्यावर विक्रेत्याने सांगितले तेवढेच, तारखेसह, लिहिले आहे. होजाईच्या तेलाचाही एक ग्रॅम तसाच बाजूला काढला आहे. या वेळी मिश्रणात काही बिघडले, तर कोणाकडे परत जायचे ते मला कळेल. नवे मिश्रण दिवाळीत उघडणार आहे.